आधी डायल टोन, मग क्रमांक

बंगळूरच्या पूर्वेस के. आर. पुरमलगत दूरवाणीनगर आहे. इंडियन टेलिफोन इंडस्ट्रीज या 1948 साली स्थापन झालेल्या सरकारी उद्योगाची ही वसाहत. तेथील दूरध्वनी देशभर गेले, आणि त्यांच्याबरोबर एक नियमही घरोघरी रुजला: रिसीव्हर उचलावा, डायल टोन ऐकू येईपर्यंत थांबावे, मगच क्रमांक फिरवावा. घाई केल्यास क्रमांक अचूक असूनही संबंध जुळत नसे.

संगणकांच्या जाळ्यातही असेच घडते. सर्व्हरवरील सामायिक फोल्डर आपल्याच यंत्रात असल्यासारखे वापरता यावे, यासाठी सन मायक्रोसिस्टिम्सने 1984 साली नेटवर्क फाइल सिस्टिम विकसित केली. लिनक्स संगणक सुरू होताना एफएसटॅब नावाच्या यादीनुसार असे फोल्डर जोडू लागतो. त्या क्षणी जाळ्याशी संपर्क झालेला नसेल, तर जोडणी फसते व फोल्डर रिकामे दिसते. मूळ कागदपत्रे सर्व्हरवर सुरक्षितच असतात. मात्र त्या रिकाम्या जागी कोणी नवे काम साठवले, तर ते त्याच संगणकावर राहते आणि पुढे जोडणी होताच तिच्याआड झाकले जाते.

परीक्षा सोपी आहे. थोड्या वेळाने जोडणी हाताने करून पाहावी. ती झाली, तर दोष वेळेचा होय. मग यादीतील नोंदीस ‘नेटडेव्ह’ ही खूण द्यावी. तेवढ्याने न भागल्यास, फोल्डर उघडताक्षणी जोडणी करणारी ऑटोएफएस योजना स्वीकारावी. हातानेही जोडणी न झाल्यास सर्व्हरचे नाव, परवानगी आणि 2049 क्रमांकाचे पोर्ट क्रमाने तपासावे.