गोलांचा पाऊस, करंडकाचा दुष्काळ

मार्च २०१९. अंधेरीत इंडियन सुपर लीगचा अंतिम सामना, एफसी गोवा विरुद्ध बंगळुरू एफसी. गोव्याचा फेरान कोरोमिनास, म्हणजे सगळ्यांचा लाडका कोरो, सलग दुसऱ्या मोसमात सर्वाधिक गोलांचा मानकरी ठरलेला. तरी नव्वद मिनिटं संपली तेव्हा फळ्यावर शून्य-शून्य. जादा वेळेत गोव्याच्या अहमद जाहूला लाल कार्ड मिळालं आणि शेवटची काही मिनिटं उरली असताना बंगळुरूने कॉर्नरवर हेडर मारून सामना खिशात घातला. हेडर मारणारा राहुल भेके मुंबईचाच पोरगा आणि चक्क बचावपटू.

‘आक्रमण सामने जिंकतं, बचाव करंडक जिंकतो’ हे फुटबॉलमधलं घासून गुळगुळीत झालेलं वाक्य अशा रात्री पटकन पटतं. पण कुठला करंडक, हे आधी विचारायला हवं.

लांबलचक साखळीचा हिशेब वेगळा असतो. ३८ सामन्यांच्या साखळीत एखाद्या संघाने एकही गोल खाल्ला नाही आणि एकही केला नाही, तर सगळे सामने बरोबरीत, गुण ३८. दुसरा संघ बेधडक खेळून २५ सामने हरला आणि फक्त १३ जिंकला, तरी त्याचे गुण ३९. विजयाला दोनच गुण मिळत होते तेव्हा याच बेधडक संघाला २६वर समाधान मानावं लागलं असतं. इंग्लंडने १९८१मध्ये विजयाला तीन गुण द्यायला सुरुवात केली, पुढे जगाने तेच उचललं आणि बरोबरीचा भाव उतरला.

बाद फेरीत हे गणित उलटतं. तिथे उद्या नसतो. गोल मुळातच दुर्मीळ असल्यामुळे एक चूक पुरते. २०१०च्या विश्वचषकात ६४ सामन्यांत १४५ गोल झाले, म्हणजे सामन्यामागे सव्वादोनच्या आसपास. जगज्जेत्या स्पेनने बाद फेरीतले चारही सामने १-० असेच जिंकले. मात्र स्पेनला बचावात्मक म्हणायला माझी जीभ रेटत नाही. झावी, इनिएस्ता मंडळी चेंडू स्वतःकडेच ठेवायची. समोरच्याला तो मिळालाच नाही तर गोल कशाने करणार? आक्रमणासारखा दिसणारा हा बचावच होता.

इंग्लंडचा २०१३-१४चा मोसम दोन्ही बाजूंच्या वकिलांची पंचाईत करतो. सर्वांत कमी, २७ गोल खाणारी चेल्सी तिसरी आली. १०१ गोल करणारं लिव्हरपूल दुसरं. १०२ गोल करून ३७ खाणारी मँचेस्टर सिटी विजेती. लिव्हरपूलने ५० खाल्ले होते. क्रिस्टल पॅलेसविरुद्ध ३-० असे पुढे असताना, गोलफरक वाढवायच्या नादात ते पुढे धावत राहिले आणि शेवटच्या अकरा-बारा मिनिटांत तीन गोल खाऊन बसले. आघाडीची फळी दोघांचीही तोलामोलाची होती. फरक मागे होता.

आता पुन्हा गोव्याकडे, कारण तिथली गोष्ट एका मोसमाने आणखी रंगते. २०१९-२०मध्ये गोव्याने साखळीतल्या १८ सामन्यांत ४६ गोल ठोकले, २३ खाल्ले आणि गुणतक्त्यात पहिला क्रमांक पटकावून आशियाई चॅम्पियन्स लीगच्या गटसाखळीत जाणारा पहिला भारतीय क्लब होण्याचा मान मिळवला. मग उपांत्य फेरी. चेन्नईत १-४ अशी हार, घरच्या मैदानावर फातोर्ड्यात ४-२ असा विजय. दोन सामन्यांत पाच गोल करूनही बाहेर! बचावपटू पुढे सरकवून खेळणाऱ्या संघाचा चेंडू मधल्या फळीत हिसकावला गेला, की मागे मोकळं रान असतं. अठरा सामन्यांत ते झाकलं जातं. दोन सामन्यांत नाही.

हा बेधडक खेळ गोव्याच्या संघात रुजवणारे स्पॅनिश प्रशिक्षक सर्जिओ लोबेरा यांना क्लबने साखळी संपण्याआधीच निरोप दिला होता. ते मुंबई सिटीत आले आणि जाहू, ह्युगो बूमूस, बचावातला उंचापुरा मुर्तदा फॉल, गोव्याचाच मंदार राव देसाई हेही मुंबईकर झाले. माणसं बरीचशी तीच, शैलीही तीच, तरी आकडे बदलले. २०२०-२१मध्ये मुंबईने २० सामन्यांत ३५ गोल केले, म्हणजे गोव्याच्या वेगापेक्षा बरेच कमी. पण खाल्ले फक्त १८. सामन्यामागे एकाहूनही कमी. लोबेरा भित्रे झाले, असं कोणी म्हणणार नाही. चेंडू गमावल्यावरच्या पहिल्या काही सेकंदांत कोण कुठे असेल, याची शिस्त त्यांच्या मुंबईत जास्त होती, असं मला वाटतं.

त्या साखळीत एटीके मोहन बागानचेही मुंबईइतकेच ४० गुण होते. त्यांनी खाल्लेले गोल अवघे १५. आपसातल्या सामन्यांच्या जोरावर मुंबई पहिली आली आणि फातोर्ड्यातल्या अंतिम सामन्यात हेच दोघे समोरासमोर उभे ठाकले. बागानने आघाडी घेतली. मुंबईची बरोबरी झाली ती बागानचा बचावपटू तिरी याच्या स्वयंगोलामुळे. नव्वदाव्या मिनिटाला एक लांब चेंडू गोलरक्षक अरिंदम भट्टाचार्यला दूर सारता आला नाही, मुंबईच्या ओगबेचेने तो सहकारी बिपिन सिंगकडे ढकलला आणि मुंबई २-१ अशी जिंकली. मोसमातल्या सर्वोत्तम गोलरक्षकाचा ‘गोल्डन ग्लव्ह’ मिळाला अरिंदमलाच.