गप्पांसाठी मेसेंजर निवडताना

नागपुरात मित्रमंडळी कोठे जमतात, हे विचारण्याची वेळ सहसा येत नाही. फुटाळा तलावाचा काठ असो, शंकरनगर चौक असो वा धरमपेठेतील नेहमीचा पानठेला असो, ठिकाण एकदा ठरले की वर्षानुवर्षे तेच राहते. चहा तेथे उत्तम मिळतो असेही नसते. सारे तेथे येतात एवढेच त्याचे कारण. इंटरनेटवरील गप्पांनाही हाच नियम लागू पडतो. ‘कोणता मेसेंजर चांगला?’ असे विचारणाऱ्याला आधी ‘आपले मित्र कोणत्या मेसेंजरवर आहेत?’ याचेच उत्तर शोधावे लागते. मात्र चौक सार्वजनिक असतो आणि मेसेंजर कोणाच्या तरी मालकीचा असतो. निवड करताना नेमका हाच फरक विसरला जातो.

दोन हजारच्या दशकातील दिवस अनेकांना आठवत असतील. सीताबर्डीपासून धरमपेठेपर्यंत सायबर कॅफे उघडले होते आणि तासाच्या हिशेबाने पैसे मोजून तरुणाई चॅटिंग करीत होती. अभियांत्रिकीची पदवी घेऊन मित्र पुणे, बंगळुरू किंवा थेट अमेरिकेला जात. परदेशी दूरध्वनी करणे खिशाला परवडत नसे, पत्राला आठवडे लागत. त्यामुळे संध्याकाळी ठरलेल्या वेळी दोन्हीकडच्यांनी संगणकासमोर बसायचे आणि रोमन लिपीत मराठी टंकत गप्पा मारायच्या, असा शिरस्ता पडला. मराठी टंकलेखन येत नाही म्हणून गप्पा कोणी थांबविल्या नाहीत.

त्या वेळी निवडीला वाव भरपूर होता. इस्रायलमधील मिराबिलिस कंपनीने १९९६ मध्ये ‘आयसीक्यू’ आणले. मार्च १९९८ मध्ये ‘याहू पेजर’ आले आणि पुढच्याच वर्षी त्याचे ‘याहू मेसेंजर’ असे नामकरण झाले. जुलै १९९९ मध्ये मायक्रोसॉफ्टचा ‘एमएसएन मेसेंजर’ दाखल झाला. भारतीय नेटिझन्ससाठी ‘रेडिफ बोल’ होतेच. याहूवर वेबकॅम होता, अनोळखी लोकांशी बोलण्यासाठी चॅट रूम होत्या आणि उत्तर न देणाऱ्या मित्राची खिडकी हलवून त्याला जागे करणारे ‘बझ’चे बटनही होते. ऑगस्ट २००५ मध्ये आलेल्या ‘गुगल टॉक’मध्ये यातले जवळजवळ काहीच नव्हते, पण त्याचा जीव लहान होता, जुन्या संगणकावरही तो चटकन उघडे.

अडचण एकच होती. याहूवरचा मित्र एमएसएनवरच्या मित्राशी बोलू शकत नसे. ई-मेलच्या बाबतीत असे कधी झाले नाही. जीमेलवरून याहूच्या पत्त्यावर पत्र जाते, कारण सर्व ई-मेल सेवा एकच सामाईक नियमावली पाळतात. मेसेंजर कंपन्यांना मात्र असे करण्यात रस नव्हता. १९९९ मध्ये मायक्रोसॉफ्टने आपला मेसेंजर ‘एओएल’च्या मेसेंजरशी जोडण्याचा प्रयत्न केला, तेव्हा एओएलने तो वारंवार हाणून पाडला. याहू आणि मायक्रोसॉफ्ट यांनी २००६ मध्ये आपापसांत दार उघडले, तेही काही वर्षांपुरतेच. मग ‘ट्रिलियन’सारखे, अनेक मेसेंजर एकाच खिडकीत आणणारे प्रोग्राम लोकप्रिय झाले. २००५ मध्ये आलेले ‘मीबो’ तर ब्राउझरमध्येच चाले. महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत नवा प्रोग्राम टाकण्यास मनाई असली, तरी त्याच्यावर काम भागत असे.

गुगल टॉकचे वेगळेपण येथेच होते. ‘एक्सएमपीपी’ या खुल्या नियमावलीवर तो उभा होता आणि २००६ पासून इतर सेवांच्या वापरकर्त्यांशीही त्याच्यावरून बोलता येऊ लागले. ई-मेलप्रमाणे गप्पांचेही एकच खुले जाळे निर्माण होईल, अशी आशा त्यातून जागली होती. २०१३ मध्ये गुगलने ‘हँगआउट्स’ आणले आणि ही वाट सोडून दिली.

या साऱ्या मेसेंजरचे पुढे काय झाले? मीबो २०१२ मध्ये गुगलने विकत घेऊन बंद केले. एमएसएन मेसेंजरच्या वापरकर्त्यांना २०१३ मध्ये स्काइपवर हलविण्यात आले आणि ते स्काइपही ५ मे २०२५ रोजी थांबले. याहू मेसेंजर १७ जुलै २०१८ रोजी, गुगल टॉक जून २०२२ मध्ये आणि सर्वांत जुने आयसीक्यू २६ जून २०२४ रोजी बंद झाले. याहूने जुन्या गप्पा उतरवून घेण्यासाठी सहा महिन्यांची मुदत दिली होती. तिच्याकडे ज्यांचे लक्ष गेले नाही, त्यांच्या वसतिगृहातल्या वर्षांच्या गप्पा गेल्या. गुगल टॉकवर बोलणारे त्या मानाने सुदैवी ठरले. तेथील संभाषण जीमेलमध्ये साठविले जात असल्याने अनेकांना ते आजही शोधता येते. निवड करताना हा फरक कोणाच्याच लक्षात आला नव्हता.

आज बहुतेकांच्या दृष्टीने निवडीचा प्रश्नच उरलेला नाही, व्हॉट्सअॅप आहे. २००९ मध्ये सुरू झालेल्या या सेवेने वेगळे आयडी आणि पासवर्ड मागण्याऐवजी मोबाईल क्रमांकालाच ओळख मानले. भ्रमणध्वनीतील नावांची यादी हीच मित्रांची यादी झाली, आणि ज्या काका-मावशींनी याहूचे खाते कधी उघडले नसते तेही या कट्ट्यावर आले. फेसबुकने फेब्रुवारी २०१४ मध्ये १९ अब्ज डॉलरना हा सौदा केला, तो या यादीसाठीच, असे म्हटले तरी चालेल. ‘हाइक’ हा भारतीय मेसेंजर २०१२ मध्ये आला, त्याची स्टिकर्स तरुणांना आवडली. तरीही जानेवारी २०२१ मध्ये त्याला गाशा गुंडाळावा लागला. सारे मित्र जेथे आहेत तो कट्टा सोडायला कोणी तयार होत नाही, हेच खरे.

तरीही पर्याय तपासून पाहण्याजोगे आहेत. त्यांच्यातील मुख्य भेद कुलपाचा, म्हणजे संदेश कोणाला वाचता येतो याचा आहे. व्हॉट्सअॅपवर एप्रिल २०१६ पासून प्रत्येक संदेश पाठविणाऱ्याच्या फोनमध्ये कुलूपबंद होतो आणि घेणाऱ्याच्याच फोनमध्ये उघडतो. मधल्या कंपनीकडे किल्ली नसते. मात्र कोण कोणाशी, केव्हा आणि किती वेळा बोलले, ही माहिती कुलपाबाहेर राहते. जानेवारी २०२१ मध्ये कंपनीने जाहीर केलेल्या नव्या धोरणावरून गदारोळ झाला आणि त्यातूनच नोव्हेंबर २०२४ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने मेटा कंपनीला २१३ कोटी रुपयांचा दंड ठोठावला.

‘सिग्नल’चे कुलूप त्याच जातीचे आहे, किंबहुना व्हॉट्सअॅपने ते सिग्नलच्या निर्मात्यांकडूनच घेतले. हा मेसेंजर ना-नफा संस्था चालविते आणि वापरकर्त्याबद्दलची माहिती ती जवळजवळ साठवीतच नाही. फेब्रुवारी २०२४ पासून समोरच्याला मोबाईल क्रमांक न कळविताही तेथे बोलता येते. ‘टेलिग्राम’ अधिक सुरक्षित असल्याचा समज मात्र सपशेल चुकीचा आहे. तेथील नेहमीचे संदेश कंपनीच्या संगणकांवर राहतात आणि किल्लीही कंपनीकडेच असते. पूर्ण कुलूप फक्त दोघांमधील ‘सीक्रेट चॅट’ला, तेही मुद्दाम सुरू केल्यासच लागते, गटाला ते लागतच नाही. त्याचा फायदाही आहे. नव्या फोनवर जुने सारे संदेश आपोआप दिसतात आणि गटात दोन लाखांपर्यंत सदस्य घेता येतात, म्हणून स्पर्धा परीक्षांच्या विद्यार्थ्यांना टेलिग्राम सोयीचा वाटतो. टिपणांच्या देवाणघेवाणीला तो उत्तम. मनातले बोलायला नव्हे. झोहो कंपनीच्या ‘अरट्टै’कडे (तमिळमध्ये या शब्दाचा अर्थ गप्पा असाच होतो) सप्टेंबर २०२५ मध्ये लोकांची रीघ लागली, तेव्हा त्यावरील संभाषणाच्या कॉलना असे कुलूप होते, लिखित संदेशांना नव्हते. स्वदेशी असणे आणि सुरक्षित असणे या दोन गोष्टी स्वतंत्रपणे तपासाव्या लागतात.

गट चालविणाऱ्यांना आणखी एक काळजी असते आणि तिच्यावरील महत्त्वाचा निर्णय नागपुरातूनच आला आहे. गोंदिया जिल्ह्यातील अर्जुनी मोरगाव पोलीस ठाण्यात २०१६ मध्ये एका व्हॉट्सअॅप गटाच्या अॅडमिनवर गुन्हा नोंदविण्यात आला होता. गटातील एका सदस्याने एका महिला सदस्याविषयी आक्षेपार्ह मजकूर लिहिला. अॅडमिनने त्याला गटातून काढले नाही, माफीही मागायला लावली नाही, असा आरोप होता. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने, न्या. झेड. ए. हक आणि न्या. अमित बोरकर यांनी, १ मार्च २०२१ रोजी अॅडमिनविरुद्धची ही कारवाई रद्द केली. सदस्य घेणे आणि काढणे एवढाच अॅडमिनचा अधिकार असून मजकूर टाकला जाण्यापूर्वी तो तपासण्याची सोय त्याच्याकडे नसते. त्यामुळे समान हेतू वा पूर्वनियोजन सिद्ध झाल्याखेरीज दुसऱ्याच्या लिखाणासाठी त्याला गुन्हेगार धरता येणार नाही, असे खंडपीठाने म्हटले.

निकाल अॅडमिन मंडळींना दिलासा देणारा आहे, पण तो वाचताना एक तपशील ध्यानात ठेवावा. २०२२ मध्ये व्हॉट्सअॅपने अॅडमिनला कोणाचाही संदेश सर्वांसाठी पुसून टाकण्याची सोय दिली. टेलिग्रामवरही अॅडमिनला संदेश काढून टाकता येतात. म्हणजे अॅडमिनच्या हाती आता खटल्याच्या वेळेपेक्षा अधिक अधिकार आहेत. शाळेतील जुन्या मित्रांचा गट काढणाऱ्याने ही सोय कोठे आहे ते आधीच पाहून ठेवलेले बरे. भांडण पेटल्यावर ती शोधत बसण्याची वेळ येऊ नये.

आणि गप्पा गमवायच्या नसतील, तर दोन कामे आजच करण्याजोगी आहेत. व्हॉट्सअॅपचा बॅकअप गुगल ड्राइव्हवर जातो, तेव्हा संदेशाचे कुलूप त्याला आपोआप लागत नाही. ऑक्टोबर २०२१ पासून ही सोय उपलब्ध आहे, पण ती सेटिंगमध्ये जाऊन स्वतः सुरू करावी लागते, आणि तिचा पासवर्ड हरवला तर कंपनीही मदत करू शकत नाही. दुसरे म्हणजे, जिव्हाळ्याच्या संभाषणांची ‘एक्स्पोर्ट चॅट’ने साधी फाईल काढून घरच्या संगणकावर ठेवावी. ही फाईल कोणत्याही मेसेंजरविना वाचता येते.

दोन मेसेंजरमधील भिंत पाडण्याचे काम सध्या युरोपात कायद्याने सुरू आहे. तेथील डिजिटल मार्केट्स अॅक्टनुसार मार्च २०२४ पासून व्हॉट्सअॅपला इतर मेसेंजरसाठी दार उघडणे बंधनकारक झाले. आपल्याकडे तसा कायदा नाही. त्यामुळे पंचवीस जणांच्या गटातील दोघे सिग्नलवर गेले, तर उरलेल्या तेविसांशी बोलण्यासाठी त्यांना व्हॉट्सअॅपही ठेवावे लागते.