‘भारी होतं!’ याच्या पुढे काय? सिम्फनी ऑर्केस्ट्राला दाद कशी द्यायची

वडसा-गडचिरोली बसमध्ये कानात हेडफोन घालून बसला असाल, नाहीतर चंद्रपुरात चहाच्या टपरीवर असाल, आजचा विषय सगळ्यांसाठी आहे.

‘ऑर्केस्ट्रा’ म्हटलं की आपल्याला काय आठवतं? गणपतीत नाहीतर शारदा-दुर्गेच्या मांडवात हिंदी गाण्यांचा स्टेज शो. सिम्फनी ऑर्केस्ट्रा मात्र वेगळा. ऐंशी-नव्वद वादक एकत्र बसतात. व्हायोलिनसारखी तारवाद्यं सगळ्यात जास्त, मग बासरी, ओबो, ट्रम्पेट, नगाऱ्यासारखी टिंपनी. समोर कंडक्टर, एसटीतला नव्हे, हातात छोटी काडी घेतलेला. आणि मुख्य गोष्ट म्हणजे चांगल्या सभागृहात हे सगळं सहसा माईकशिवाय चालतं.

आपल्या देशात असा पूर्णवेळ ऑर्केस्ट्रा आहे, सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया. 2006 मध्ये मुंबईच्या एनसीपीएमध्ये खुशरू सनटूक आणि कझाकस्तानचे व्हायोलिनवादक मरात बिसेनगालिएव यांनी तो उभा केला. 2019 मध्ये तो पहिल्यांदा ब्रिटनच्या दौऱ्यावर गेला. 2023 मध्ये मुंबईतच जन्मलेले झुबिन मेहता, वय 87, या ऑर्केस्ट्रासमोर कंडक्टर म्हणून उभे राहिले.

अशा कार्यक्रमांनंतर परीक्षणं येतात आणि त्यात स्तुतीही असते. आता प्रश्न असा, की ही स्तुती नेमकी कशाची असते? ‘भारी होतं, एक नंबर’ एवढंच म्हणायला समीक्षक कशाला पाहिजे?

एक उदाहरण घेऊ. झाकीर हुसेन यांनी या ऑर्केस्ट्रासाठी तबल्याचा कॉन्चेर्टो रचला, ‘पेशकार’. 2015 मध्ये तो मुंबईत पहिल्यांदा वाजला, पुढे ब्रिटनमध्येही. पेशकार म्हणजे तबल्याच्या स्वतंत्र वादनात सुरुवातीला संथपणे उलगडत जाणारा भाग. आता अडचण बघा. एका बाजूला एकटा तबला, दुसऱ्या बाजूला अख्खा ऑर्केस्ट्रा. ऑर्केस्ट्राचे वादक समोरच्या कागदावर लिहिलेले स्वर वाजवतात, तबलजी मात्र आयत्या वेळी सुचेल तसा बोल फुलवतो. जाणकार इथे तीन गोष्टी ऐकतो.

पहिली, तोल. व्हायोलिनं चढली तरी तबल्याचा ‘ना’ स्वच्छ ऐकू येतो का?

दुसरी, एकजीवपणा. वीस-पंचवीस व्हायोलिनं एकाच क्षणी थांबतात, की कुणाचं शेपूट मागे राहतं?

तिसरी, हळू आवाज. जोरात वाजवणं त्या मानाने सोपं असतं. ऐंशी जणांनी मिळून कुजबुजल्यासारखं वाजवायचं आणि तरी सूर हलू द्यायचा नाही, हे कठीण. स्टुडिओत चुकलं तर परत घेता येतं. लाईव्हमध्ये गेलेला क्षण गेला. म्हणून लाईव्ह वादनाच्या स्तुतीला वजन असतं.

खरी स्तुती करणारा कमतरताही लपवत नाही. या ऑर्केस्ट्रावर एक आक्षेप सुरुवातीपासून आहे: बरेच वादक कझाकस्तान आणि इतर देशांतून आलेले, मग हा भारताचा कसा? प्रश्न रास्त आहे. ओबो किंवा फ्रेंच हॉर्न शिकवणारे गुरूच जिथे मोजके, तिथे वादक तयार व्हायला एक पिढी जाते. म्हणून एनसीपीएने लहान मुलांसाठी शिक्षण सुरू केलं. वादन उत्तम आणि वादक अजून आपले कमी, या दोन्ही गोष्टी एका परीक्षणात मावतात.

तुम्ही म्हणाल, मुंबई 800 किलोमीटरच्या पुढे, आपल्याला काय त्याचं? तर भाऊ, लाईव्ह वादन ऐकण्यात आपण कच्चे नाही! धान निघालं की झाडीपट्टीत रात्रभर नाटकं चालतात. ऑर्गन आणि तबला जिवंत वाजतो. नट अचानक ताण वाढवतो, ऑर्गनवाला त्याच्या मागोमाग जातो. मंडळी पदाला वन्स मोअर देतात. परशुराम खुणे यांना 2023 मध्ये पद्मश्री मिळाली तेव्हा झाडीपट्टीचं नाव देशभर गेलं. पण त्या नाटकांतल्या ऑर्गनवाल्याबद्दल, तबलजीबद्दल नेमकं कोण लिहितं? पोस्टरवर नटांचे फोटो मोठे. वादकाच्या वाट्याला फार तर ‘संगीत छान होतं’ एवढंच येतं.

इथेच सिम्फनीच्या समीक्षेकडून घेण्यासारखं काहीतरी आहे. स्तुती करताना तीन गोष्टी सांगा: कुठल्या जागी, कुणी आणि काय केलं. ‘तिसऱ्या अंकात आई रडते तेव्हा तबला पूर्ण थांबला आणि फक्त ऑर्गनचा एक सूर राहिला’ असं एक वाक्य त्या वादकापर्यंत पोहोचलं, तर आपलं काम कुणीतरी ऐकलं हे त्याला कळतं. पुढच्या प्रयोगात तो ती जागा आणखी जपतो.

आता फोनबद्दल. मोबाईलच्या छोट्या स्पीकरवर डबल बासचे खर्जातले सूर जवळपास गायब होतात. सिम्फनी ऐकायची तर हेडफोन लावा. हळू भागात आवाज फुल करू नका, कारण पुढच्याच मिनिटाला ट्रम्पेट येऊन कान बधिर होतील! एकदा फक्त तारवाद्यांकडे लक्ष द्या, दुसऱ्यांदा फक्त टिंपनीकडे.

आणि यंदाच्या हंगामात वडसा, सिंदेवाही, नाहीतर तुमच्याच गावात नाटक बघायला गेलात, की एका वादकाची एक जागा नीट लक्षात ठेवा. पडदा पडला की जाऊन त्याला तेवढंच सांगा. भेटू पुढच्या भागात!