बटण, किल्ली आणि मोटारीचा सेल्फ : गैरसमज आणि वस्तुस्थिती

मोटार सुरू करण्यासाठी किल्ली फिरविण्याऐवजी बटण दाबण्याची सोय आपल्या जुन्या गाडीतही असावी, अशी इच्छा अलीकडे पुष्कळ मोटारमालकांच्या मनात उत्पन्न होते. आणि सुटे भाग विकणाऱ्या दुकानांतून अशा बटणांचे तयार संच मिळू लागल्यामुळे ती तडीस नेण्यास फारसा विलंबही लागत नाही. इच्छा मुळीच गैर नाही. परंतु या कामाविषयी जे समज प्रचलित आहेत त्यांतील कित्येक इतके चुकीचे आहेत की, त्यांच्या भरवशावर गाडीच्या वायरिंगला हात घालणे म्हणजे केवळ मालमत्तेचीच नव्हे, तर जीविताचीही जोखीम पत्करणे होय. म्हणून त्यांचा तपशीलवार परामर्श घेणे मला अगत्याचे वाटते.

बटण ही किल्लीच्या पुढची पायरी आहे, हा त्यांतला सर्वांत निरुपद्रवी समज. इतिहास याच्या उलट आहे. चार्ल्स केटरिंग या अमेरिकन अभियंत्याने सिद्ध केलेला विजेचा स्टार्टर, म्हणजेच सेल्फ, 1912 सालच्या कॅडिलॅक मोटारींत बसविण्यात आला, आणि हँडल मारताना इंजिनाच्या उलट झटक्याने मनगट मोडण्याचा जो प्रसंग तोवर चालकांवर येत असे, तो त्यामुळे टळू लागला. त्यानंतर कित्येक दशके बहुतेक मोटारी बटणाने, ओढायच्या दांडीने किंवा पायाने दाबायच्या कळीनेच सुरू होत. किल्ली फिरवून सेल्फ मारण्याची पद्धत क्रायस्लर कंपनीने 1949 साली आणली आणि मग ती सर्वत्र रूढ झाली. जुनी विलिज जीप ज्यांनी जवळून पाहिली असेल त्यांना तिच्या तळफळीवरील पायकळ आठवेल. ती कळ म्हणजे तांब्याच्या जाड संपर्कांना एकत्र आणणारा भक्कम स्विच होता. पाय दाबला की बॅटरीची जाड केबल थेट मोटरला जोडली जाई आणि सेल्फचा सगळा प्रवाह त्या कळीतूनच वाहत असे.

दुसरा आणि खरा घातक समज येथेच जन्म घेतो. पूर्वीची कळ सगळा प्रवाह वाहत असे, तेव्हा आजच्या बटणातूनही दोन वायरी काढून सेल्फला जोडल्या की झाले, असे मानणारे लोक थोडे नाहीत. लहान पेट्रोल इंजिनाचा सेल्फ फिरताना साधारण 100 ते 200 अँपिअर प्रवाह ओढतो आणि डिझेल इंजिनाचा त्याहून अधिक. डॅशबोर्डवर शोभणाऱ्या नखाएवढ्या संपर्काचे बटण तो प्रवाह क्षणभरही सोसू शकणार नाही. म्हणून आजच्या सेल्फवर सोलेनॉइड असतो: बारीक टर्मिनलला वीज मिळताच तो आपला दांडा आत खेचतो, सेल्फचे दातेरी चाक, म्हणजे बेंडिक्स, फ्लायव्हीलच्या दात्यांत अडकवितो आणि मोठे संपर्क जोडून केबलचा प्रवाह मोटरकडे सोडतो. पण खुद्द या सोलेनॉइडलाही दांडा खेचण्याच्या त्या पहिल्या क्षणी पुष्कळ, कित्येकदा 30 अँपिअरच्या आसपास, प्रवाह लागतो. एकदा मोठे संपर्क जुळले की त्याचे खेचणारे वेटोळे आपोआप निष्क्रिय होते आणि धरून ठेवणारे वेटोळे थोड्या प्रवाहावर काम चालविते. हा पहिला क्षणच साध्या बटणाचे संपर्क हळूहळू जाळतो, आणि जळलेले संपर्क कधी चिकटून बसले तर बटणावरचे बोट उचलल्यावरही सेल्फ फिरतच राहतो.

यावरचा बंदोबस्त म्हणजे रिले, अर्थात थोड्या प्रवाहाने मोठा प्रवाह जोडणारा स्विच, आणि त्याची जोडणी अवघड नाही. बॅटरीजवळच 25 अँपिअरचा फ्यूज घालून अडीच एमएमपेक्षा बारीक नसलेली वायर रिलेच्या 30 क्रमांकाच्या टोकाला आणावी. 87 क्रमांकाच्या टोकापासून तशीच वायर सोलेनॉइडच्या बारीक टर्मिनलला न्यावी. 86 ला इग्निशन चालू असतानाच जिवंत होणारी वायर द्यावी. आणि 85 पासून निघालेली वायर बटणातून बॉडी अर्थला टेकवावी. अशा रचनेत बटणातून जाणारा प्रवाह एका अँपिअरच्या पंचमांशाहून क्वचितच अधिक असतो आणि इग्निशन बंद असताना कोणी बटण दाबले तरी काही घडत नाही. बटण मात्र बोट उचलताच परत येणारेच असावे; दाबले की दाबलेलेच राहणारे बटण येथे बसविणे म्हणजे इंजिन सुरू झाल्यावरही सेल्फ जळेपर्यंत फिरत ठेवणे होय. फ्यूज हा बटणाच्या रक्षणासाठी असतो, असेही अनेकांना वाटते. वास्तविक तो वायरच्या रक्षणासाठी असतो, आणि म्हणूनच त्याची जागा बटणापाशी नसून वायरच्या उगमापाशी, बॅटरीलगत आहे. तो तेथे नसेल, तर इंजिनाच्या कप्प्यात कोठेही घासून उघडी पडलेली वायर गाडी पेटविण्यास पुरेशी होते.

किल्लीचे काम सेल्फ मारण्याचे, ते आता बटण करील, मग किल्लीची गरज काय, हा प्रश्न तर्काला धरून वाटतो. परंतु किल्लीकडे सोपविलेली कामे एकाहून अधिक आहेत. ती इग्निशनचा पुरवठा चालू-बंद करते, स्टिअरिंगला कुलूप घालते, सेल्फ फिरत असताना पंखा व इतर उपकरणांचा भार बहुधा तात्पुरता तोडते, आणि ज्या गाड्यांत इमोबिलायझर आहे त्यांत तिच्या मुठीतील चिप कुलपाभोवतीच्या वेटोळ्याला आपली ओळख पटवून देते. ही ओळख पटली नाही तर इंजिन सुरू होत नाही, किंवा झाले तरी लगेच बंद पडते. तेव्हा काही कारागीर दुसरी किल्ली फोडून तिची चिप स्टिअरिंगखाली कायमची चिकटवून ठेवण्याचा मार्ग सुचवितात. तो कोणीही पत्करू नये, कारण त्यायोगे चोराला अडविणारी व्यवस्था आपण स्वहस्ते निकामी करतो, आणि गाडी चोरीस गेल्यावर विमा कंपनीने आक्षेप घेतला तर आपल्यापाशी उत्तर उरत नाही. ज्या नव्या गाड्यांत सेल्फचा हुकूम इलेक्ट्रॉनिक नियंत्रकामार्फत जातो, त्यांच्या वायरी कापून घरगुती जोडणी करूच नये, असे माझे स्पष्ट मत आहे. प्रीमियर पद्मिनी किंवा कार्ब्युरेटरची जुनी मारुती 800 यांसारख्या साध्या वायरिंगच्या गाड्यांपुरतेच हे काम शोभते, आणि तेथेही किल्ली व तिचे कुलूप जागच्या जागी ठेवून बटणाकडे फक्त सेल्फ मारण्याचे काम द्यावे.

बटणाने इंधन वाचते किंवा बॅटरीचे आयुष्य वाढते, या समजुतीला कोणताही आधार नाही.

गाडी गिअरमध्ये असताना बटण दाबले तरी काही बिघडत नाही, हा समज मात्र अधिक गंभीर आहे. उतारावर गाडी पहिल्या गिअरमध्ये ठेवण्याची सवय आपल्याकडे सार्वत्रिक आहे, आणि खिडकीतून हात घालून बटण दाबणाऱ्या मुलाला ती ठाऊक नसते. सेल्फमध्ये गाडी पुढे ढकलण्याइतके बळ निश्चित असते. म्हणून 85 ची वायर बटणाकडे जाण्यापूर्वी क्लच पेडलच्या स्विचमधून न्यावी, आणि ऑटोमॅटिक गाडीत न्यूट्रलची खात्री करणारा मूळचा स्विच कोणत्याही सबबीवर वगळू नये.

कारखान्यातून बटणासह येणाऱ्या गाड्या आणि बाजारातील संच एकच, हाही समज तपासून पाहावा. कारखान्याच्या व्यवस्थेत गाडीतील अँटेना कमी वारंवारतेच्या, बहुधा 125 किलोहर्ट्झच्या, लहरींनी खिशातील किल्लीला साद घालतात, किल्ली सांकेतिक उत्तर देते, ब्रेक किंवा क्लच दाबलेला आहे याची शहानिशा होते आणि त्यानंतरच सेल्फला हुकूम सुटतो. बटण हे या सगळ्या साखळीतील केवळ शेवटची विनंती असते. किल्लीतील बॅटरी संपली म्हणजे गाडी अडकली, असेही नाही. पुष्कळ गाड्यांत ती किल्ली बटणाला टेकवून धरली की ओळख पटते.

चालत्या गाडीत बटण एकदा दाबले की इंजिन बंद होईल, असे गृहीत धरणाऱ्यांनी 2009 साली कॅलिफोर्नियात सॅन डिएगोजवळ झालेला अपघात ध्यानात घ्यावा. तेथे चटईखाली ॲक्सिलरेटर अडकून भरधाव सुटलेल्या मोटारीतील चौघेही मृत्युमुखी पडले. त्या गाडीचे इंजिन चालत्या स्थितीत थांबविण्यासाठी बटण तीन सेकंद दाबून धरावे लागत असे. आपल्या गाडीत किती वेळ दाबावे लागते, हे पुस्तिकेत लिहिलेले असते आणि ते आधीच वाचून ठेवले पाहिजे. उलट बाजूने, किल्ली खिशात घेऊन उतरल्यामुळे चालूच राहिलेल्या इंजिनाचा कार्बन मोनॉक्साइड बंद गॅरेजमधून घरात शिरून अमेरिकेत माणसे दगावली आहेत.

स्वस्त संचांत इग्निशनचा पुरवठाही त्याच छोट्या पेटीतून नेलेला असतो. ती पेटी महामार्गावर बिघडली तर इंजिन एकाएकी बंद पडते, आणि त्याबरोबर पॉवर स्टिअरिंगचे व थोड्याच वेळात ब्रेकचे साहाय्यही नाहीसे होते; असा संच घेऊ नये. काम हाती घेताना प्रथम बॅटरीचे निगेटिव्ह टर्मिनल सोडवावे, आणि काम पुरे झाल्यावर दुसऱ्या माणसाला सेल्फ मारायला सांगून मल्टिमीटरने बॅटरीवरील आणि सोलेनॉइडच्या बारीक टर्मिनलवरील व्होल्टेज लागोपाठ मोजावे. दोहोंत अर्ध्या व्होल्टहून अधिक तफावत आढळली, तर बटणाला दोष देण्याआधी सांधे, वायरची जाडी आणि रिलेचे संपर्क पुन्हा तपासावेत.