डुकरांच्या पिल्लांचा पूरक आहार : केव्हा, कोणता व किती

डुकरिणीच्या एका वेतात आठ-दहा निकोप पिल्ले व्हावीत, आठवडाभर ती आईच्या दुधावर चांगली वाढावीत, आणि तिसऱ्या आठवड्यात त्यांतील सर्वांत गुबगुबीत पिल्लू एका सकाळी मेलेले आढळावे, असा अनुभव वराहपालन करणाऱ्या पुष्कळ शेतकऱ्यांना येतो. अशा वेळी कोणी दृष्ट लागली असे म्हणतो, तर कोणी बाजारातून शक्तिवर्धक औषधाची बाटली आणतो. वस्तुतः पिल्लू जन्मास येते तेच दोन उणिवा घेऊन. रोगाशी झगडण्याची शक्ती त्याच्या रक्तात नसते व लोहाचा साठा अत्यंत अपुरा असतो. या दोन्ही उणिवा वेळेवर भरून काढल्या तर पुढचा खुराक अंगी लागतो; वेळ टळली तर महागडे औषधही फारसे उपयोगी पडत नाही.

पहिला दिवस : चीक

रोगप्रतिकारक द्रव्ये डुकरिणीच्या गर्भाशयातून पिल्लाच्या रक्तात जात नाहीत. ती केवळ चिकातून मिळतात. ही द्रव्ये जशीच्या तशी शोषून घेण्याची पिल्लाच्या आतड्याची शक्ती जन्मानंतर तासागणिक कमी होत जाते व सुमारे एका दिवसात जवळजवळ संपते. म्हणून पहिल्या सहा तासांत प्रत्येक पिल्लाच्या पोटात चीक गेलाच पाहिजे. पहिल्या चोवीस तासांत दर पिल्लास निदान २५० ग्रॅम चीक मिळावा.

गारठलेले पिल्लू चोखत नाही. यासाठी पिल्लाचे अंग जन्मतःच पुसून कोरडे करावे व खाली कोरडा पेंढा घालावा. पहिल्या दिवसांत पिल्लांच्या जागेत ३० ते ३४ अंश सेल्सिअस ऊब लागते. ती दिव्याने अथवा बंदिस्त खोक्याने देता येते. अशक्त पिल्लांना पुढच्या सडांना लावावे, कारण त्यांत दूध अधिक असते. पिल्ले फार असल्यास दांडगी पिल्ले तासभर टोपलीखाली झाकून ठेवावीत, म्हणजे लहानग्यांना पोटभर चीक मिळतो.

तिसरा दिवस : लोह

जन्माच्या वेळी पिल्लाच्या शरीरात सुमारे ५० मिलिग्रॅम लोह असते. वाढीसाठी त्यास रोज सुमारे ७ मिलिग्रॅम लागते व आईच्या दुधातून जेमतेम १ मिलिग्रॅम मिळते. म्हणजे रोज ६ मिलिग्रॅमची तूट पडते व आठ-दहा दिवसांत साठा सरतो. डुकरिणीस कितीही लोह चारले तरी तिच्या दुधातील लोह म्हणण्यासारखे वाढत नाही. जे पिल्लू अधिक दूध पिते ते झपाट्याने वाढते, त्याचे रक्तही वाढावे लागते, आणि म्हणून लोहाची टंचाई त्यासच प्रथम भासते. गुबगुबीत पिल्लू आधी का दगावते, याचे कारण हेच.

मोकळ्यावर हिंडणारी गावठी डुकरे माती उकरतात व त्यांच्या पिल्लांना मातीतून काही लोह मिळते. लार्ज व्हाईट यॉर्कशायरसारख्या झपाट्याने वाढणाऱ्या जाती आल्या आणि गोठ्याची जमीन सिमेंटची झाली, तेव्हा स्वच्छता साधली. पण लोहाची ही वाट बंद झाली.

लोहाच्या कमतरतेने कान व नाकपुड्या फिकट दिसतात, केस राठ होतात, पिल्लास हगवण लागते व थोडे धावल्यास धाप लागून कुशी उडू लागतात.

यावर खात्रीचा उपाय म्हणजे आयर्न डेक्स्ट्रानचे इंजेक्शन. जन्मानंतर तिसऱ्या किंवा चौथ्या दिवशी १०० ते २०० मिलिग्रॅम लोह पोचेल इतकी मात्रा मानेच्या स्नायूत द्यावी. बाटलीवर दर मिलिलिटरमागे लोहाचे प्रमाण लिहिलेले असते. ते वाचूनच मात्रा ठरवावी, कारण अधिक लोह विषारी ठरते. सुई स्वच्छ असावी. दुसरी मात्रा हवी की नाही, हे पशुवैद्यास विचारावे. इंजेक्शन मिळण्यासारखे नसेल तेथे अर्धा किलो हिराकस १० लिटर पाण्यात विरघळवून ते पाणी रोज डुकरिणीच्या सडांना लावावे. पिल्ले नीट खाऊ लागेपर्यंत हा क्रम चालू ठेवावा.

दुसऱ्या आठवड्यापासून : पूरक खुराक

डुकरिणीचे दूध तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापर्यंत वाढते व नंतर ओसरते. पिल्लांची भूक मात्र वाढतच जाते. ही तफावत भरून काढण्यासाठी दहा ते चौदा दिवसांच्या वयापासून खुराकाची सवय लावावी. गोठ्याचा एक कोपरा बांबूने वा लोखंडी नळ्यांनी असा अडवावा की पिल्ले आत जातील व आई जाणार नाही. घरच्या घरी १०० किलो खुराक तयार करावयाचा असल्यास पुढील प्रमाण योग्य होय :

भरडलेला मका — ६० किलो
सोयाबीन अथवा शेंगदाण्याची पेंड — २० किलो
मासळीची कुटी — १० किलो
गव्हाचा कोंडा — ८ किलो
क्षार मिश्रण — दीड किलो
मीठ — अर्धा किलो

या मिश्रणात सुमारे २० टक्के प्रथिने असतात. मासळी खारवलेली असल्यास वेगळे मीठ घालू नये. पेंड वा मका बुरसटलेला असल्यास तो टाकून द्यावा. बुरशीच्या विषाने पिल्लाचे यकृत बिघडते व रोगाशी झगडण्याची शक्ती खचते. क्षार मिश्रण जस्त, तांबे इत्यादी असलेले, चांगल्या प्रतीचे घ्यावे. प्रारंभी मूठभर खुराक दिवसातून तीन-चार वेळा ताजा घालावा व उरलेला काढून टाकावा. आठ आठवड्यांपर्यंत दर पिल्लामागे सुमारे १० किलो खुराक लागतो. स्वच्छ पाणी सदैव जवळ असावे. दूध पिणाऱ्या पिल्लांना पाण्याची गरज नसते, हा समज चुकीचा आहे.

काय करू नये

वाढीसाठी खाद्यात प्रतिजैविके मिसळण्याची रीत अनेक देशांत होती. त्यामुळे औषधास न जुमानणारे जंतू निपजतात, हे दिसून आल्यावर युरोपीय संघाने २००६ साली ती बंद केली. भारतात कोलिस्टिन हे प्रतिजैविक खाद्योपयोगी जनावरांस देण्यास २०१९ साली मनाई झाली. तेव्हा पशुवैद्याने रोगावर सांगितल्यावाचून प्रतिजैविक वापरू नये.

हॉटेलातील उष्टे खरकटे स्वस्त पडते, पण ते कच्चे कधीही घालू नये. २०२० साली भारतात प्रथम आढळलेला आफ्रिकन स्वाइन फीव्हर हा रोग डुकराच्या मांसाच्या उष्ट्या तुकड्यांतूनही पसरतो व त्यावर उपचार नाही. खरकटे निदान अर्धा तास ढवळत उकळावे. लहान पिल्लांना तर ते देऊच नये.

पूरक आहार म्हणजे लसीकरण नव्हे. नेहमीच्या स्वाइन फीव्हरची लस व जंताचे औषध ठरल्या वेळी दिलेच पाहिजे.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी वराहपालकास एक साधी वही ठेवावयास सांगावे. तीत वेताची तारीख, पिल्लांची संख्या, लोह दिल्याचा दिवस, खुराक सुरू केल्याचा दिवस आणि आठव्या आठवड्याचे वजन एवढेच लिहावे. सुधारित जातीच्या पिल्लाचे वजन त्या वेळी १२ ते १५ किलो भरले, तर संगोपन नीट झाले असे समजावे. कमी भरल्यास वहीतील तारखा पाहाव्यात. बहुधा चीक, लोह वा खुराक यांपैकी कशाची तरी वेळ चुकलेली आढळेल, आणि पुढच्या वेताला ती चूक टाळता येईल.