अग्नीची ताकद चाकांवर

31 जानेवारी 2015 रोजी ओडिशाच्या किनाऱ्यालगत, तेव्हाच्या व्हीलर म्हणजे आताच्या अब्दुल कलाम बेटावर अग्नी-5 ची तिसरी चाचणी झाली. 2012 आणि 2013 मधल्या पहिल्या दोन चाचण्या उघड्या लाँचरवरून झाल्या होत्या. या वेळी क्षेपणास्त्र बंद पोलादी नळकांड्यात, म्हणजे कॅनिस्टरमध्ये होते आणि कॅनिस्टर ट्रेलरवर. ट्रेलरने ते उभे केले, तळाशी तयार झालेल्या वायूच्या दाबाने सुमारे 50 टनांचे, 17 मीटर लांबीचे धूड वर फेकले गेले आणि बाहेर पडल्यावर हवेतच पहिल्या टप्प्याची मोटार पेटली. अग्नी-5 ची चर्चा होते ती बहुधा 5,000 किलोमीटरच्या पल्ल्याची. माझ्या मते या यंत्राचे मर्म त्या पल्ल्यापेक्षा ट्रेलरमध्ये आणि कॅनिस्टरमध्ये आहे.

याचे कारण आपल्या अण्वस्त्रधोरणात सापडते. अण्वस्त्र आधी वापरायचे नाही, हे भारताने जानेवारी 2003 मध्ये अधिकृतपणे पुन्हा जाहीर केले. हा शब्द पाळणाऱ्या देशाला पहिला घाव सोसूनही उत्तर देता आले पाहिजे. एका जागी रोवलेल्या लाँचरचा पत्ता शत्रूला आज ना उद्या कळतोच. फिरत्या लाँचरचे तसे नसते. 1991 च्या आखाती युद्धात अमेरिका आणि तिच्या मित्रराष्ट्रांचे हवेवर पूर्ण वर्चस्व होते. तरीही इराकच्या एकाही फिरत्या स्कड लाँचरचा नाश निर्विवादपणे सिद्ध झाला नाही. सोव्हिएत संघाने टोपोल क्षेपणास्त्र चाकांवर चढवले आणि चीनने डीएफ-31, तेही याच हिशेबाने.

ही चाके फिरती ठेवण्यामागे महाराष्ट्रात साठलेल्या विद्येचाही मोठा वाटा आहे. द्रवइंधनाचे अस्त्र बहुधा डागण्याआधी भरत बसावे लागते. घनइंधनाचे भरलेलेच असते, म्हणून ते रस्त्यावर नेणे सोपे जाते. पुण्याजवळ सुतारवाडीतील उच्च ऊर्जा पदार्थ संशोधन प्रयोगशाळेचा घनइंधन हा एक मुख्य विषय. लष्करी पूल आणि क्षेपणास्त्रांचे लाँचर ही दिघीच्या अभियांत्रिकी संशोधन संस्थेची जुनी कामे. घाटकोपर आणि मुलुंडच्या मधल्या विक्रोळीत, गोदरेजच्या कारखान्यात, ब्रह्मोस या क्षेपणास्त्राचा सांगाडा तयार होत आला आहे. ब्रह्मोसचा पल्ला तुलनेने फार कमी. आवाजाच्या जवळजवळ तिप्पट वेगाने आणि लक्ष्याजवळ अगदी खालून उडून ते संरक्षणाला चकवते. अग्नीची वाट वेगळी, पण जमिनीवरून डागताना कॅनिस्टर आणि चाके दोघांनाही लागतात.

यावर पहिला आक्षेप असा की लाँचर वाचला तरी आकाशातली क्षेपणास्त्रविरोधी यंत्रणा अस्त्र पाडेलच. या विद्येत सर्वांत पुढे असलेल्या अमेरिकेकडे आंतरखंडीय अस्त्रे रोखणारी जमिनीवरची क्षेपणास्त्रे अलास्का आणि कॅलिफोर्नियात मिळून 44 आहेत, तीही मर्यादित हल्ल्यापुरती. 11 मार्च 2024 च्या ‘मिशन दिव्यास्त्र’मध्ये अग्नी-5 ने एकाच उड्डाणात अनेक स्फोटशीर्षे वेगवेगळ्या लक्ष्यांकडे सोडण्याची क्षमता दाखवली. आता रोखणाऱ्याला एकाऐवजी अनेकांचा माग काढावा लागेल. मात्र या क्षमतेची दुसरी बाजू दुर्लक्षून चालणार नाही. एका क्षेपणास्त्रात जितकी स्फोटशीर्षे अधिक, तितके ते जमिनीवरच नष्ट करण्याचा मोह शत्रूला अधिक. म्हणजे दिव्यास्त्राने चाकांचे महत्त्व वाढवलेच. दुसरा आक्षेप रस्त्यांचा. सुमारे 30 मीटर लांबीचा, भारासह 140 टनांचा ट्रेलर प्रत्येक पूल पेलणार नाही, कसारा घाटाच्या वळणांवर तो सहज वळणारही नाही. शिवाय वरून उपग्रह पाहत असतात. हे खरे आहे. म्हणून फिरते लाँचर म्हणजे देशभर मोकाट फिरणारे वाहन असे समजू नये. निवडलेले भक्कम रस्ते, आडोसे, बोगदे आणि सतत बदलती जागा यांनी शत्रूची खात्री मोडली की काम झाले. तो पूर्ण आंधळा व्हायची गरज नाही.

सर्वांत गंभीर आक्षेप मात्र वेगळा आहे. भारत शांततेच्या काळात स्फोटशीर्ष क्षेपणास्त्रापासून वेगळे ठेवतो, असे मानले जात आले आहे. बंद कॅनिस्टरमध्ये दोन्ही जोडलेलीच राहण्याची शक्यता वाढते, आणि त्याबरोबर चुकून किंवा घाईने डागले जाण्याचा धोकाही. हा धोका मी हलका मानत नाही. पूर्वी जोडणीला लागणारा वेळच एक कुलूप होता. ते गेले, तर त्या जागी आदेशाची कुलपे तितकीच पक्की हवीत. वापराचा निर्णय पंतप्रधानांच्या अध्यक्षतेखालील राजकीय परिषदेचाच, हा 2003 चा नियम कागदाइतकाच प्रत्येक तळावर आणि प्रत्येक यंत्रात उतरला पाहिजे. तरीही मी या यंत्राच्या बाजूने उभा आहे. ज्याची अस्त्रे उघड्यावर असतात, त्याला संकटात ‘आत्ताच वापरा, नाहीतर गमवा’ हा दबाव सोसावा लागतो. ज्याची लपू शकतात, त्याला थांबता येते, खात्री करता येते. पहिल्या घावातून वाचणारी मोजकी क्षेपणास्त्रे असतील, तर शेकड्यांनी साठा करण्याची गरज उरत नाही. म्हणून अग्नी-5 चे यश मोजताना ते किती दूर जाते यापेक्षा ते देशाला किती वेळ थांबू देते, हे आधी विचारायला हवे.