वितळलेल्या प्लॅस्टिकमधला गुंता

पॉलिमरच्या साखळ्यांची लांबी दुप्पट केली, तर वितळलेल्या अवस्थेत त्याचा दाटपणा किती वाढेल? साखळ्या तोकड्या असतील तर साधारण दुप्पट. एकमेकींत गुंतण्याइतक्या लांब असतील, तर जवळजवळ साडेदहा पट! पॉलिस्टायरीन घ्या की पॉलिएथिलीन, दाटपणा लांबीच्या ज्या घाताने वाढतो तो घातांक 3.4च्या आसपासच येतो. 1960च्या दशकात हे पक्कं झालं होतं. कारण मात्र उमगत नव्हतं.

1967मध्ये सॅम एडवर्ड्स यांनी एक चित्र मांडलं. साखळ्या एकमेकींच्या आरपार जाऊ शकत नाहीत, म्हणून प्रत्येक साखळी शेजारणींनी बनलेल्या अरुंद नळीत कोंडलेली असते. 1971मध्ये पियेर-जिल द जेन पुढे गेले. आडवं हलता येत नसेल तर साखळी सापासारखी सरपटत नळीच्या टोकातून बाहेर पडेल, आणि त्याला लागणारा वेळ लांबीच्या घनाच्या प्रमाणात वाढेल. या हिशेबाने उत्तर आठ पट येतं, साडेदहा नाही. तरी इतक्या साध्या कल्पनेतून सत्याच्या एवढं जवळ जाता येणं हे विलक्षणच.

1994मध्ये ते सरपटणं डोळ्यांना दिसलं. स्टॅनफर्डमध्ये स्टीव्हन चू आणि सहकाऱ्यांनी डीएनएचा एकच लांब रेणू चमकत्या रंगाने रंगवला आणि त्याच्या टोकाला सूक्ष्म मणी जोडला. मग लेझरच्या चिमट्याने तो मणी, न रंगवलेल्या डीएनएच्या दाट द्रावणातून वळणं घेत ओढला. ताणलेला रेणू आडवातिडवा न पसरता, ज्या वाटेने ओढला गेला त्याच वाटेने आकसत गेला.

खरी कसोटी जोरदार ताणात होती. मासाओ दोई आणि एडवर्ड्स यांनी 1978मध्ये भाकीत केलं होतं, की झटक्यात ताणलेली साखळी आधी नळीतच मूळ लांबीला आकसते आणि मग सावकाश सरपटते. पण वेगाने ढवळलेल्या वितळाचे आकडे या सिद्धांताशी जुळेनात, तेव्हा 1996मध्ये जुझेप्पे मारुच्ची यांनी दुरुस्ती सुचवली: प्रवाह शेजारणींनाच वाहून नेतो, म्हणजे नळीच्या भिंतीही जागच्या जागी राहत नाहीत. ही दुरुस्ती टिकली. मात्र 2003मध्ये डेन्मार्कमध्ये पॉलिस्टायरीनचं वितळ वेगाने ताणलं, तेव्हा साखळ्या लांबल्या की दाटपणा पुन्हा चढेल ही अपेक्षा फोल ठरली. तो घसरतच राहिला.

आकसण्याचा वादही मिटलेला नाही. 2005मध्ये ताणलेल्या पॉलिआयसोप्रीनवर न्यूट्रॉन सोडून संशोधकांनी साखळ्या आकसल्याच्या खुणा नोंदवल्या. 2017मध्ये अमेरिकेतल्या ओक रिज प्रयोगशाळेच्या गटाने तेच तंत्र पॉलिस्टायरीनवर वापरलं. त्यांना त्या खुणा आढळल्या नाहीत.